घोड्याचा पाय गेला, जॉकीचाही गेला. वर्षभराने दोघं पुन्हा एकाच शर्यतीत उतरले

१९३९ साल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला विलिट्स नावाचं एक छोटं गाव आहे. त्या गावाजवळच्या रिजवुड नावाच्या रँचवर त्या वर्षी दोन पेशंट एकत्र फिरायला निघायचे. एक माणूस, एक घोडा. माणसाच्या पायाचं हाड मोडून पुन्हा बसवलेलं, घोड्याच्या पुढच्या डाव्या पायातला लिगामेंट फाटलेला. दोघंही लंगडत चालायचे.

घोड्याचं नाव सीबिस्किट. चारच महिन्यांपूर्वी त्याने अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या घोड्याला हरवलं होतं. आणि माणूस होता त्याचा जॉकी, जॉन पोलार्ड. लालसर केसांमुळे सगळे त्याला 'रेड' म्हणायचे.

शर्यतीच्या जगात त्या दोघांचं काम संपलं, असं बहुतेकांनी धरलं होतं. ते चुकीचंही नव्हतं. अशा दुखापतीनंतर घोडा पहिल्या दर्जाच्या शर्यतीत परत येत नाही, आणि आलाच तर टिकत नाही, हा त्या काळचा अनुभव होता. जॉकीचं तर त्याहून अवघड. त्याचा पाय घोड्याच्या वेगाला पेलेल की नाही, याची खात्री डॉक्टरांनाही नव्हती.

हे दोघं परत कसे आले, त्याची ही गोष्ट. पण त्यासाठी आधी रेड पोलार्ड कोण होता ते बघू.

विटांच्या भट्टीपासून रेसकोर्सपर्यंत

पोलार्डचा जन्म २७ ऑक्टोबर १९०९ चा, कॅनडातल्या एडमंटन शहरातला. घराणं मूळचं आयरिश. घरचा विटांचा कारखाना होता आणि दिवस बरे चालले होते. १९१५ साली नॉर्थ सस्कॅचवान नदीला मोठा पूर आला, कारखाना वाहून गेला आणि घरावर गरिबी आली.

मुलाला दोन गोष्टींचं वेड होतं, पुस्तकं आणि घोडे. पंधराव्या वर्षी तो एका ओळखीच्या माणसाच्या सोबतीने जॉकी व्हायला घराबाहेर पडला. त्या माणसाने त्याला अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या ब्यूट गावी एका तात्पुरत्या रेसकोर्सवर सोडलं आणि स्वतः निघून गेला. खिशात पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही. पंधरा वर्षांचा पोरगा तिथेच राहिला, तबेल्यांतून कामं करत आणि मिळेल त्या घोड्यावर बसत.

उपाशी राहायला नको म्हणून तो बॉक्सिंगही खेळायचा. रिंगमधलं त्याचं नाव 'कूगर'. बॉक्सिंगमध्ये त्याने फारसं काही कमावलं नाही, नाव मात्र मित्रांच्या तोंडी कायमचं बसलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पोलार्ड जॉकीच्या मानाने उंच होता, जवळजवळ पाच फूट सात इंच. एवढ्या उंचीच्या माणसाने जॉकीचं वजन राखायचं म्हणजे जवळजवळ कायम उपाशी राहायचं. त्या काळातले जॉकी वजन उतरवण्यासाठी जे करायचे ते आज वाचवत नाही. दिवसदिवस न जेवणं, अंगावर जाड कपडे चढवून उन्हात धावणं, तासन्‌तास वाफ घेणं, खाल्लेलं उलटून टाकणं. शर्यतीच्या आधी चक्कर येऊन पडणारे जॉकी ही काही बातमी नव्हती.

अशा अवस्थेतही पोलार्डच्या सामानात पुस्तकं असायची. शेक्सपिअर, इमर्सन, उमर खय्याम. जॉकींच्या खोलीत बाकीचे पत्ते कुटत असताना हा कोपऱ्यात वाचत बसायचा आणि बोलताना मध्येच नाटकातलं एखादं वाक्य फेकायचा.

एका डोळ्याचं गुपित

कारकिर्दीच्या सुरुवातीच्याच काळात एक अपघात झाला. सराव चालू असताना पुढे धावणाऱ्या घोड्याच्या टापेखालून दगड उडाला आणि पोलार्डच्या डोक्यावर आदळला. मार मेंदूपर्यंत गेला आणि उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली.

हे कळलं असतं तर त्याला पुन्हा घोड्यावर बसू दिलं नसतं. एका डोळ्याने माणसाला अंतराचा अंदाज नीट येत नाही. ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दुसरे घोडे असताना, अंतराचा अंदाज चुकणं म्हणजे स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणं. नियम बरोबरच होता.

पोलार्डने हे कुणालाही सांगितलं नाही. पुढची कितीतरी वर्षं तो अर्ध्या नजरेने शर्यती धावला. या माणसाबद्दल कितीही आपुलकी वाटली, तरी त्याने आपल्याबरोबर इतरांचाही जीव पणाला लावला होता हे विसरून चालत नाही. पण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. महामंदीचा काळ होता, शिक्षण अर्धवट, आणि घोड्यावर बसण्याशिवाय कुठलंच काम येत नव्हतं.

एकाच गोठ्यात जमलेली माणसं

१९३६ च्या ऑगस्टपर्यंत पोलार्डची अवस्था बिकट झाली होती. शर्यती मिळत नव्हत्या, मिळाल्या तर जिंकत नव्हता. तो आणि त्याचा एजंट डेट्रॉइटला निघाले होते, वाटेत गाडीला अपघात झाला, मग लोकांच्या गाड्यांना हात दाखवत दोघं कसेबसे डेट्रॉइटच्या रेसकोर्सवर पोचले. तिथे टॉम स्मिथ नावाचा एक ट्रेनर जॉकीच्या शोधात होता.

स्मिथ यांचा जन्म १८७८ चा. आयुष्य पश्चिमेकडच्या माळरानांवर घोड्यांमध्ये गेलेलं. माणसांशी जवळजवळ न बोलणारे, घोड्यांशी मात्र तासन्‌तास घालवणारे. त्यांचे मालक चार्ल्स हॉवर्ड हे अगदी उलट. सॅन फ्रान्सिस्कोत ब्यूइक मोटारी विकून श्रीमंत झालेले, पत्रकारांना हाताशी धरून राहणारे, बोलघेवडे. ज्या मोटारींनी घोड्यांचं काम संपवलं त्या विकून आलेल्या पैशांतून या गृहस्थांनी घोडे घेतले, ही गंमतच.

पण मोटारींनी त्यांच्याकडून एक गोष्ट घेतलीही होती. १९२६ साली त्यांचा लहान मुलगा फ्रँक रिजवुड रँचवरच ट्रक उलटून गेला. जवळपास इस्पितळ नव्हतं. त्यानंतर हॉवर्ड यांच्या मदतीने विलिट्समध्ये त्या मुलाच्या नावाने इस्पितळ उभं राहिलं. हे इस्पितळ लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या दोघांनी नुकताच ८,००० डॉलरला एक घोडा घेतला होता. सीबिस्किट. वंश मोठा होता, प्रसिद्ध 'मॅन ओ वॉर'चा हा नातू. पण दिसायला बुटका, पाय आखूड, गुडघे नीट सरळ न होणारे. दोन वर्षांचा असताना त्याला तब्बल ३५ शर्यतींत पळवलं होतं, म्हणजे बहुतेक घोडे आयुष्यभरात जेवढं पळतात त्याहून जास्त. जीव विटून गेला होता. खायचा नाही, तबेल्यात येरझाऱ्या घालायचा, माणूस जवळ आला की अंगावर यायचा.

स्मिथ यांनी त्याला सोबत म्हणून आधी एक बकरी आणून दिली. सीबिस्किटने ती दारावरून बाहेर फेकली. मग पंपकिन नावाचा एक शांत, म्हातारा घोडा आणला. त्याच्याशी मात्र गट्टी जमली. दोघांच्या मधली भिंत काढून टाकली. पुढे एक भटका कुत्रा आणि एक माकडही त्या कुटुंबात आलं.

पोलार्ड या घोड्याजवळ गेला तेव्हा खिशातून साखरेचा खडा काढून पुढे धरला. घोड्याने तो घेतला आणि नाकाने त्याच्या खांद्याला स्पर्श केला, असं सांगतात. स्मिथ यांना जॉकी मिळाला. त्या दिवशी एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे, माणूस आणि घोडा, बाजाराच्या हिशोबात मोडीत निघालेला मालच होते.

नाकभर अंतराची हार

पुढचा काळ भरभर सांगतो, कारण आपली खरी गोष्ट अजून पुढे आहे.

पोलार्डला लवकरच कळलं की या घोड्याला चाबकाने पळवून उपयोग नाही. त्याला मोकळं सोडायचं आणि हवं तेव्हा फक्त सुचवायचं. सीबिस्किट जिंकू लागला. मग २७ फेब्रुवारी १९३७ ची सांता अनिता हँडिकॅप आली. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवरची ही शर्यत एक लाख डॉलरच्या बक्षिसामुळे गाजलेली होती.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना हँडिकॅप म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन त्याच्या पाठीवर. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाचे तुकडे ठेवून वजन पुरं करतात. सगळ्यांना जिंकायची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

शेवटच्या पट्ट्यात सीबिस्किट पुढे होता. बाहेरच्या बाजूने, म्हणजे पोलार्डच्या उजवीकडून, रोझमाँट नावाचा घोडा वेगाने येत होता. पोलार्डला तो दिसलाच नाही. तिकडचा डोळाच नव्हता. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. फक्त नाकभर अंतराने शर्यत गेली.

वर्तमानपत्रांनी त्याच्यावर आळशीपणाचा ठपका ठेवला. खरं कारण सांगून सुटका करून घेता आली असती, पण ते सांगणं म्हणजे कारकीर्द संपवणं. तो गप्प राहिला. हॉवर्ड आणि स्मिथ यांनी त्याला काढलं नाही. त्या वर्षी सीबिस्किटने १५ पैकी ११ शर्यती जिंकल्या आणि अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त बक्षीस मिळवणारा घोडा ठरला.

आधी छाती, मग पाय

१९३८ हे पोलार्डसाठी भयंकर वर्ष होतं. १९ फेब्रुवारीला तो हॉवर्ड यांच्याच एका घोडीवर होता. गर्दीत एक घोडा पडला, त्याला अडखळून ही घोडी कोसळली आणि तिच्या वजनाखाली पोलार्डची छाती चेपली. बरगड्या, खांदा, हाडं मोडली. तो वाचेल की नाही हेच काही दिवस कळत नव्हतं. दोन आठवड्यांनी सीबिस्किट सांता अनिता हँडिकॅपमध्ये उतरला तेव्हा पाठीवर पोलार्डचा मित्र जॉर्ज वूल्फ होता. याही वेळी नाकभर अंतराने हार!

जूनपर्यंत पोलार्ड उठून पुन्हा घोड्यावर बसायला लागला. २३ जूनला बॉस्टनच्या सफोक डाऊन्स रेसकोर्सवर एका जुन्या ओळखीच्या मालकाला मदत म्हणून तो एका कोवळ्या घोड्याला सरावासाठी घेऊन गेला. शर्यत नव्हती, पैसेही नव्हते. घोडा बिथरला, उधळला आणि तबेल्याच्या कोपऱ्याला जाऊन आदळला. पोलार्डचा पाय गुडघ्याखाली असा फाटला की हाड उघडं पडलं.

त्या काळात जॉकीला विमा नव्हता, भरपाई नव्हती. पडलात तर तुमचं तुम्ही बघा. अनेक जॉकींना अपघातानंतर रेसकोर्सवरच्या लोकांनी टोपी फिरवून जमा केलेल्या पैशांवर उपचार घ्यावे लागत. पोलार्डच्या पाठीशी हॉवर्ड उभे राहिले म्हणून तो निभावला.

१ नोव्हेंबर १९३८ ला बाल्टिमोरजवळच्या पिम्लिको रेसकोर्सवर ती प्रसिद्ध दोघांचीच शर्यत झाली. एका बाजूला सीबिस्किट, दुसऱ्या बाजूला वॉर ॲडमिरल, आदल्या वर्षीचा ट्रिपल क्राउन विजेता. नात्याने तो सीबिस्किटचा काका लागायचा, मॅन ओ वॉरचाच मुलगा. सुमारे १,९०० मीटरची ही शर्यत कोट्यवधी लोकांनी रेडिओवर ऐकली. पोलार्ड बॉस्टनजवळच्या इस्पितळात पलंगावर होता. त्याने वूल्फला आधीच फोनवर एक विचित्र सल्ला दिला होता. पुढे गेलास की मुद्दाम थोडा वेग कमी कर, वॉर ॲडमिरलला शेजारी येऊ दे, सीबिस्किटने त्याच्या डोळ्यात बघितलं की मग तो थांबत नाही. वूल्फने तसंच केलं. सीबिस्किट चार लांबींनी जिंकला.

आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत आपल्या घोड्याने दुसऱ्याच्या हाती जिंकावी आणि ती आपण पलंगावर पडून ऐकावी, याने पोलार्डला काय वाटलं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. त्या इस्पितळातून तो एक चांगली गोष्ट घेऊन बाहेर पडला. तिथल्या ॲग्नेस कॉनलन या नर्सशी त्याचं जमलं. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केलं.

घोड्याचा पाय म्हणजे नक्की काय?

१४ फेब्रुवारी १९३९. सांता अनितावर सीबिस्किट वूल्फला घेऊन धावत होता. शर्यतीच्या मध्येच वूल्फला काहीतरी बिघडल्याचं जाणवलं. घोडा दुसरा आला, पण थांबल्यावर लंगडत होता. पुढच्या डाव्या पायातला सस्पेन्सरी लिगामेंट फाटला होता.

ही दुखापत किती गंभीर आहे हे कळायला घोड्याच्या पायाची रचना माहीत हवी. घोड्याच्या पुढच्या पायाला जो गुडघा वाटतो तो खरं म्हणजे आपलं मनगट. त्याच्या खाली जवळजवळ स्नायूच नसतात. असतात ती हाडं, लांब शिरांसारखे टेंडन आणि लिगामेंट. म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं जनावर अक्षरशः बोटाच्या नखावर पळतं. सस्पेन्सरी लिगामेंट या नळीच्या हाडाच्या मागून खाली उतरतो आणि खुराच्या वरचा सांधा झोळीसारखा उचलून धरतो. भरधाव धावताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो, आणि तो भार घोड्याच्या वजनाच्या दोन-अडीच पट होतो. सांधा जमिनीकडे झुकतो, लिगामेंट ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत वर खेचतो. दर टापेला हेच.

हा लिगामेंट फाटला की दोन अडचणी येतात. एक, या भागात रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला महिनोन्‌महिने जातात. दुसरी अडचण त्याहून मोठी. जखम भरते ती व्रणाच्या ऊतीने, आणि ती ऊती मूळच्या लिगामेंटइतकी लवचीक नसते. घोडा चालायला लागतो, दुलक्या चालीने धावायलाही लागतो, मालकाला वाटतं बरा झाला, आणि भरधाव सोडल्यावर त्याच जागी किंवा तिच्या शेजारी पुन्हा फाटतं.

आज अशा घोड्याला परत आणताना अल्ट्रासाउंडने आतलं बघत बघत पुढे जातात. आधी तबेल्यात विश्रांती, मग हाताने धरून रोज काही मिनिटं चालवणं, मग पाठीवर माणूस घेऊन चालणं, मग थोडी दुलकी, आणि अगदी शेवटी वेग. सगळं मिळून आठ महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. पूर्ण बसवून ठेवलं तर व्रण कडक होतो, घाई केली तर फाटतो. मधली वाट शोधायची.

१९३९ मध्ये अल्ट्रासाउंड नव्हतं. होते ते स्मिथ यांचे हात. पायावरून हात फिरवून सूज किती, ऊब किती, घोडा कुठे दाबल्यावर पाय ओढून घेतो, यावरूनच सगळं ठरवायचं. हॉवर्ड आणि स्मिथ यांनी जवळजवळ जी वाट धरली ती आजच्या पशुवैद्यांना ओळखीची वाटेल.

त्या वर्षीची सांता अनिता हँडिकॅप हॉवर्ड यांनी अखेर जिंकली, पण त्यांच्याच दुसऱ्या घोड्याने. अर्जेंटिनाहून आणलेला कायाक. सीबिस्किट तेव्हा तबेल्यात होता. त्याला रिजवुडला पाठवलं, घोड्यांची पैदास करायला.

रिजवुडचं वर्ष

पोलार्ड आधीच तिथे होता. बॉस्टनला बसवलेलं हाड नीट जुळलं नव्हतं. विलिट्सच्या इस्पितळात, म्हणजे हॉवर्ड यांच्या मुलाच्या नावाच्या त्याच इस्पितळात, डॉ. रेमंड बॅबकॉक यांनी ते पुन्हा मोडून नव्याने बसवलं. पाय वाचला, पण काठीसारखा बारीक राहिला.

कुबड्या घेतलेला जॉकी आणि लंगडता घोडा रोज थोडं थोडं चालू लागले. आज इथपर्यंत, उद्या त्या झाडापर्यंत. काही आठवड्यांनी कुबड्या सुटल्या. घोड्याचं वजन वाढलं होतं, ते हळूहळू उतरायला लागलं. मग पोलार्ड त्याच्या पाठीवर बसला. फक्त चालत, रँचच्या रस्त्यांवरून, चढ-उतारावरून. मग थोडी दुलकी.

मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि नेमका तोच लोक घाईने ओलांडून पुढच्या शर्यतीकडे जातात. इथे टाळ्या नव्हत्या, घड्याळ नव्हतं, दोघांचीही प्रगती इतकी हळू होती की एका दिवसात काही बदललेलं दिसत नसे. पण एक फायदा होता. घोडा बरा होत होता त्याच गतीने जॉकी बरा होत होता, त्यामुळे एकाला दुसऱ्याची घाई करता येत नव्हती. सुदृढ जॉकी असता तर कदाचित महिनाभर आधीच घोड्याला पळवून बघितलं असतं.

वर्षाच्या शेवटी घोडा इतका बरा दिसू लागला की हॉवर्ड यांनी त्याला परत सांता अनिताला न्यायचं ठरवलं. तो आता सात वर्षांचा होणार होता. एका शर्यतीसाठी, जी दोनदा नाकभर अंतराने हुकली होती.

पोलार्डचा प्रश्न वेगळा होता. त्याला सीबिस्किटवर बसायचं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आणखी एक जोराचा मार बसला तर पाय कायमचा जाईल. हॉवर्ड यांना धास्ती वाटत होती. त्यांनी आपला मुलगा घोड्यांच्या नाही, गाडीच्या अपघातात घालवला होता, पण भीती तीच. वूल्फ तयार होता आणि त्याच्या हाताखाली घोडा जिंकलेलाही होता. दुसरीकडे पोलार्डजवळ पैसे नव्हते, दारू वाढली होती, आणि ॲग्नेसला दिवस गेले होते. हॉवर्ड यांनी बराच काळ उत्तर दिलं नाही. शेवटी होकार दिला. पोलार्ड पायाला आधाराची पट्टी बांधून बसणार होता.

२ मार्च १९४०

त्या जानेवारीत पावसाने सांता अनिताचा ट्रॅक चिखलाचा झाला होता. मऊ, घसरत्या जमिनीवर लिगामेंटला सगळ्यात जास्त धोका, म्हणून सराव पुढे पुढे ढकलावा लागला. आधी एखादी छोटी शर्यत धावल्याशिवाय मोठ्या शर्यतीला उतरणं शक्य नव्हतं आणि दिवस संपत चालले होते.

९ फेब्रुवारीला दोघं पहिल्यांदा मैदानात उतरले. तिसरा नंबर. घोडा लंगडत नाही एवढंच स्मिथ यांना बघायचं होतं. १७ फेब्रुवारीला दुसरी शर्यत, सहावा नंबर. लोक म्हणाले, संपला. २४ तारखेला सॅन अँटोनिओ हँडिकॅप होती. ती सीबिस्किटने जिंकली, ट्रॅकच्या विक्रमाशी बरोबरी करून. दुसऱ्या नंबरावर होता त्याचाच सोबती कायाक.

आठवड्याने सांता अनिता हँडिकॅप. मैदानावर ७५ हजारांच्या वर माणसं. सव्वा मैलाची, म्हणजे जवळजवळ दोन हजार मीटरची शर्यत. सीबिस्किटच्या पाठीवर १३० पौंड, सुमारे ५९ किलो. हॉवर्ड यांचे दोन्ही घोडे धावत होते. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं की जिंकायचंच असेल तर सीबिस्किटने जिंकावं. तिथल्या नियमात हे बसत होतं.

सुरुवातीला व्हिचसी नावाचा घोडा पुढे निघाला. पोलार्ड त्याच्या मागे लागून राहिला. मग वेडिंग कॉल बाहेरून आला आणि सीबिस्किट कोंडला गेला. समोर दोन घोड्यांची भिंत, आतल्या बाजूला कठडा. अशा वेळी दोनच पर्याय. वेग कमी करून बाहेरून वळसा घ्यायचा आणि शर्यत घालवायची, किंवा फट पडेल म्हणून वाट बघायची. फट पडली. ती एका घोड्याला पुरेल एवढीच होती. एक डोळा नसलेल्या, काठीसारख्या पायाच्या माणसाने त्यात घोडा घातला. तिथे जराही धक्का लागला असता तर डॉक्टरांचा इशारा खरा ठरला असता.

सीबिस्किट फटीतून निघाला, पुढे आला. मागून कायाक येऊन जवळ पोचला. सीबिस्किट पुन्हा सुटला आणि दीड लांबीने जिंकला. वेळ २ मिनिटं १ सेकंद आणि एक पंचमांश, ट्रॅकचा विक्रम. बक्षीस ८६,६५० डॉलर. सीबिस्किटची एकूण कमाई ४,३७,७३० डॉलर झाली. तोवर जगातल्या कुठल्याही घोड्याने एवढी कमाई केलेली नव्हती.

कायाकच्या जॉकीने मुद्दाम हात सैल सोडला का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. मालकाने आधीच सांगून ठेवल्यावर ती होणारच. पण विक्रमी वेळ बघता सीबिस्किटला ती शर्यत कुणी आयती दिली असं म्हणता येत नाही.

आजच्या नजरेने एक प्रश्न मात्र पडतो. भरलेला लिगामेंट असलेल्या घोड्याला तीन आठवड्यांत चार शर्यती पळवणं योग्य होतं का? आजचे पशुवैद्य बहुधा नाही म्हणतील. जिंकला म्हणून ही गोष्ट आपण सांगतो. ज्यांचा पाय परत परतताना कायमचा गेला त्या घोड्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

त्यानंतर

सीबिस्किट पुन्हा धावला नाही. तो रिजवुडला परतला, तिथे हजारो लोक त्याला बघायला यायचे. १७ मे १९४७ ला तो गेला. हॉवर्ड यांनी त्याला रँचवरच पुरलं आणि त्या जागी ओकचं झाड लावलं, जागा मात्र जाहीर केली नाही. जॉर्ज वूल्फ त्याच्या आधीच गेला होता, जानेवारी १९४६ मध्ये, सांता अनितावरच घोड्यावरून पडून. टॉम स्मिथ १९५७ पर्यंत जगले.

पोलार्डने सीबिस्किटवर एकूण ३० शर्यती धावल्या, त्यातल्या १८ जिंकल्या. त्या विजयानंतर थांबला असता तर गोष्ट सिनेमासारखी संपली असती. तो थांबला नाही. ट्रेनर होऊन बघितलं, जमलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यात भरती व्हायला गेला. अंगावरच्या दुखापती बघून कुणी घेतलं नाही. मग पुन्हा घोड्यावर. पुन्हा अपघात, पुन्हा मोडलेली हाडं. १९५५ पर्यंत तो छोट्या रेसकोर्सवर हलक्या दर्जाच्या घोड्यांवर बसत राहिला.

दरम्यान १९४० मध्ये जॉकींनी आपली संघटना काढली, जॉकीज गिल्ड. जखमी जॉकींना आणि त्यांच्या घरच्यांना मदत मिळावी हा तिचा मुख्य हेतू. सुरुवातीच्या सदस्यांत पोलार्ड होता. टोपी फिरवण्याच्या प्रथेला त्याच्याइतकं जवळून कुणी बघितलं असेल?

निवृत्तीनंतर तो ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी ॲग्नेस आणि दोन मुलांबरोबर राहिला. रेसकोर्सवर टपाल वाटायचं काम केलं, दुसऱ्या जॉकींचे बूट पुसायचं कामही केलं. एका डोळ्याचं गुपित उघड झालं तेव्हा त्याने काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. शेवटची वर्षं तो फारसं बोलत नसे. ७ मार्च १९८१ ला पॉटकेटमधल्या एका शुश्रूषागृहात त्याचा मृत्यू झाला. ते शुश्रूषागृह जिथे उभं होतं, तिथे पूर्वी नॅरागॅन्सेट पार्क नावाचा रेसकोर्स होता आणि त्यावर पोलार्ड कधीकाळी शर्यती धावला होता. ॲग्नेस आधीपासून कर्करोगाने आजारी होती, ती दोन आठवड्यांनी गेली.

पुढच्या वर्षी कॅनडाच्या हॉर्स रेसिंग हॉल ऑफ फेममध्ये पोलार्डचं नाव घेतलं गेलं. २००१ मध्ये लॉरा हिलनब्रँड यांचं सीबिस्किटवरचं पुस्तक आलं, २००३ मध्ये त्यावर सिनेमा निघाला आणि टोबी मॅग्वायरने पोलार्डचं काम केलं. हिलनब्रँड स्वतः दीर्घ आजाराने ग्रासलेल्या आहेत. पुस्तक लिहिताना कित्येक दिवस त्यांना घराबाहेरही पडता येत नव्हतं.